आईने तोंडाचा वास घेतला

कोपरी, ठाणे (पूर्व)
३ नोव्हेंबर २०२५

दीप्ती,

सप्रेम जय भीम. इकडे सगळे ठीक. तिकडे मोहने गावी तुझे आईवडील बरे असतील. ऐश्वर्याचा ताप उतरला का? तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. या वयात नणंदेला निबंध लिहायला बसवलंस, शाबास.

आईचा निरोप आधी देते. नवराबायकोच्या भांडणासाठी कोणी दोन महिने माहेरी बसत नाही, झालं गेलं विसरून ये. रत्नदीप वाळलाय, जेवत नाही, तुझी आठवण काढतो. निरोप संपला.

जेवत नाही हे खरं. चहात मात्र चार चमचे साखर लागते. आठवण काढतो हे साफ खोटं. माझा हा भाऊ सोफ्यावर बसल्या बसल्या मान टाकतो, नाक खाजवतो, आणि हाक मारली की म्हणतो, "अगं ताई, विचार करत होतो." विचार! दहावीपासून त्याने एक विचार केलेला मला आठवत नाही.

घर सोडलंस त्या दिवशी तू हेच सांगत होतीस. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग खाजवतो, शाळेच्या व्हॅनच्या सीटखाली खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडतात. आणि आम्ही काय केलं? कोर्ट भरवलं. बाबा दारूने गेले तेव्हापासूनचा आईचा नियम तू रोज बघायचीस. घरातल्या पुरुषाने दारात तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन जय भीम म्हणायचं, मगच चप्पल काढायची. त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर रत्नदीपला तसं म्हणायला लावलं. आईने वास घेतला आणि निकाल दिला, "माझा पोरगा स्वच्छ आहे. पंचशील पाळतो." मामांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. एकजात बिनडोक माणसं. नशा म्हणजे दारू आणि दारू म्हणजे वास, यापुढे कोणाची अक्कल गेली नाही. "सासर नको म्हणून कुभांड रचतेय," हे मात्र मी बोलले. तू रडली नाहीस. मुलीचं दप्तर उचललंस आणि निघालीस. त्याचाही मला राग आला होता.

एकोणीस वर्षं मी दवाखान्यात औषधं देते. वस्तीतल्या बायका मला अर्धी डॉक्टर म्हणतात आणि मी म्हणू देते. खोकल्याच्या औषधाची तीच बाटली पुन्हा मागायला कोणी आला की मी त्याला हाकलते, "चल, आधी डॉक्टरांना दाखव."

रत्नदीपला असं कधी म्हटलं नाही.

त्या बाटल्या मीच देत होते. "ताई, गाडीच्या एसीने घसा धरतो गं," म्हणायचा, की मी पिशवीत घालायचे. त्याच्या तोंडाला औषधाचा वास यायचा आणि मला बरं वाटायचं, दारूचा नाही म्हणून. तू बाटल्यांचं नाव काढलंस तेव्हा मला कळलं होतं, दीप्ती. तिथेच, आईच्या बाजूला बसलेली असताना. माझी नोकरी जाईल या भीतीने मी तुझ्यावर ओरडले. त्या ओरडण्याची मला चीड येते. माझीच मला किळस येते.

गेल्या सोमवारी शाळेची मुलं मागे बसलेली असताना तो सिग्नलला झोपला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून उठवलं. घरी येऊन हसत सांगत होता. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलांच्या घरोघरी जाऊन सांगून आले, नंतर आमच्या डॉक्टरांनाही सगळं सांगितलं. नोकरीचं काय ते होईल. मुलं आता त्याच्या गाडीत नसतात. गाडी अजून त्याच्याकडेच आहे.

येत्या रविवारी आई त्याला ऐश्वर्याला आणायला पाठवणार आहे. तो गोड बोलेल, पाया पडेल. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून येईल. मुलीला गाडीत बसवू नकोस. मी त्याच्या शेजारी बसून हात हलवताना दिसले, तरी नाही.

पत्र फाडू नकोस. वकिलाला लागलं तर दाखव, म्हणून पूर्ण नाव लिहिते.

बाटल्या देणारी,
शालन सखाराम ओव्हाळ