इस्क्राच्या ताटासमोर

तीर्थरूप राडोय्काताईस,

सोंबोरहून तुझ्या धाकट्या (आणि हल्ली बऱ्याच रुंद झालेल्या) भावाचा, स्वेतोझारचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? माल्मोच्या थंडीत तो तुझ्याआधी जागा होतो, असं मागे लिहिलं होतंस. भावोजींची ढास थांबली, की शेजारी अजून भिंत ठोकतात? इकडे देसांका कारखान्यात पाळ्या करते आणि घरी येऊन माझ्यावर ओरडते, म्हणजे तिची प्रकृती उत्तम आहे. मी कालव्याच्या दारांवर होतो तसाच आहे. बोट आली की दार उघडतो, गेली की लावतो. फोनवर तू इस्क्राबद्दल विचारतेस आणि मी ‘बरी आहे’ म्हणून हवामानावर जातो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

उन्हाळ्यात पोरगी नोवी सादच्या इस्पितळातून घरी आली. सतरा वर्षांची मुलगी, आणि पावाच्या तुकड्यासमोर अशी बसायची, जसा मी दातांच्या डॉक्टरपुढे बसतो. तिथली आहारतज्ज्ञ यागोदा नावाची तरुण मुलगी आहे (आहार सांगणाऱ्या बाईचं नाव स्ट्रॉबेरी असावं याचं मला तिच्यासमोरच हसू आलं, आणि देसांकाने चिमटा काढला तो आठवडाभर निळा होता). तिने आम्हा दोघांना बसवून सांगितलं की वाढायचं आई-बापांनी, वेळच्या वेळी, मधलं खाणंसुद्धा चुकवायचं नाही, घासाघीस करायची नाही. समोर बसून आपणही तेच खायचं. (माझी रुंदी कुठून आली ते कळलं ना?) जेवताना अन्न, वजन, दिसणं यावर अवाक्षर काढायचं नाही. कौतुकसुद्धा नाही. आणि ताट रिकामं झालं की उठून पळायचं नाही, कारण तिच्यासाठी खरा कठीण वेळ त्यानंतरच सुरू होतो. मी विचारलं, “मग बोलायचं काय?” ती म्हणाली, “बाकी सगळं.”

ताई, बाकी सगळं म्हणजे काय? मी कालव्यावरचा माणूस. माझं दिवसभराचं बोलणं ‘थांबा’ आणि ‘जा’ एवढंच. पण दुपारचं जेवण माझ्या वाट्याला, कारण देसांका कामावर. पहिल्या दिवशी मी इस्क्राला कालव्याची दारं कशी चालतात ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती गंजतात कशी ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, आता दाराचं नाव काढलंस तर मी त्यावरून उडी टाकीन.” मग मी वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका मोठ्याने वाचली, तीही आपल्या पाद्रीबाबांच्या आवाजात, चर्चमध्ये प्रार्थना म्हणतात तशी. ‘लोकरीचे कपडे पिळू नयेत’ या ओळीला ती हसली. किती महिन्यांनी हसली! मी उरलेली पुस्तिका हंगेरियन भाषेतही वाचली.

वजनकाट्याचं मात्र चुकलं. घरात काटा नको असं यागोदाचं म्हणणं, म्हणून मी तो नेऊन कालव्यात फेकला. पोकळ प्लास्टिकचा तो, बुडायचं सोडून वाहत वाहत खालच्या दाराच्या जाळीत अडकला, आणि त्या दारावरचा आमचा मिलिवोये (चांगला माणूस, पण डोकं कमी) तो पुसून, वाळवून, ऐन जेवणाच्या वेळी घेऊन दारात हजर. “स्वेतो, हा तुझाच ना? पडला असेल!” इस्क्रा पांढरीफटक. त्या दिवशी तिने सुपाचा वाडगा उलथवला, देसांका न्हाणीघरात नळ सोडून रडली, आणि मी काटा परसात पुरला. खड्डा इतका खोल खणला की शेजारीण भिंतीवरून विचारायला लागली, कोण गेलं म्हणून.

त्यानंतर मी खोटं बोलायला लागलो. एक कप्तान पांतेलिया उभा केला. डॅन्यूबवर मालाची बोट चालवतो, एक बायको अपातिनला, एक स्मेदेरेव्होला, आणि दोघींना एकाच नमुन्याचे स्वेटर विणायची हौस, त्यामुळे त्याच्याकडे सगळे स्वेटर जोडीने. इस्क्राला गोडी लागली. “मग? स्मेदेरेव्होच्या बाईला कळलं?” असं ती आपणहून विचारायला लागली आणि मला माझ्या हुशारीचा गर्व झाला. एका दुपारी मी म्हणालो, “ते दही संपव, मग सांगतो.” तिने चमचा खाली ठेवला. चेहरा मिटला, ताई, दार लावल्यासारखा. पुढच्या भेटीत यागोदाने माझी हजेरी घेतली. “गोष्ट म्हणजे मजुरी नव्हे. ती खाते तेव्हाही तुम्ही तिचे बाबा आणि खात नाही तेव्हाही.” तेव्हापासून कप्तान रोज येतो. दही संपो न संपो.

मग आला आपल्या घरच्या संताचा दिवस. मी म्हणत होतो, यंदा स्लावाची मेजवानी करू नये. इस्क्राच म्हणाली, “माझ्यामुळे संताला कशाला उपाशी ठेवायचं?” पाहुणे आले, मेणबत्ती लागली, दारातच प्रत्येकाला चमचाभर गोड गहू दिला. टेबलावर कोबीच्या पानांत गुंडाळलेला सार्मा, डुकराचं भाजलेलं मांस, केक, सगळं. इस्क्राचं ताट आम्ही आधीच ठरवलं होतं आणि ती बसलीही होती. तेवढ्यात स्तानोय्का मावशी, मनाची सोन्यासारखी, तिचे गाल दोन्ही हातांत धरून ओरडली, “अगं, कशी भरलीस! आता कशी माणसात आलीस!”

मी घाबरलो. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे ओढावं म्हणून उभा राहिलो आणि ओरडलो, “मी भरलोय! माझ्याकडे बघा!” आणि शर्ट वर केला. (पाद्रीबाबा समोरच बसले होते. त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली, पण जेवण थांबवलं नाही.) इस्क्रा तोवर उठून गेली होती.

ती सापडली कोठीत, लाल मिरचीच्या चटणीच्या बरण्यांमध्ये, गुडघे छातीशी घेऊन. म्हणाली, “ती ‘भरलीस’ म्हणाली ना, तेव्हा डोक्यातला तो आवाज म्हणाला, बघ, मी सांगत नव्हतो?”

“मी काय करू?”

“काही करू नकोस. बस.”

मी बसलो. आंबवलेल्या कोबीच्या पिंपावर. झाकण जुनं, मी नवा, म्हणजे नव्याने जड. ते मोडलं आणि मी कमरेपर्यंत खारट पाण्यात. उठता येईना. इस्क्रा रडता रडता हसायला लागली, हसता हसता पुन्हा रडायला लागली, आणि मी पिंपातूनच तिचा हात धरून ठेवला. काहीही शहाणपणाचं बोललो नाही, शपथ. काही वेळाने देसांका तिचं ताट घेऊन आली, मला पिंपातच एक ताट दिलं, स्वतःचंही ताट आणलं आणि जमिनीवर बसली. बाहेर पाहुणे गात होते, आत आम्ही तिघं जेवत होतो. इस्क्राने अर्धं खाल्लं. यागोदाला विचारलं तर ती म्हणाली, उरलेल्या अर्ध्याचा हिशेब नको, पुढचं जेवण वेळेवर द्या. त्यानंतरचे दिवस वाईट गेले, लपवत नाही. मग जरा बरे आले. असंच चाललंय. ‘बरी आहे’ याचा अर्थ हा.

भावोजींना नमस्कार, गुडघ्याला आशीर्वाद.

तुझा,
स्वेतोझार

ता. क. नवीन वर्षाला तू येणार आहेस. पत्र खरं यासाठीच. बसस्टँडवर इस्क्राला वरपासून खालपर्यंत न्याहाळू नकोस. वाळलीस म्हणू नकोस, भरलीस म्हणू नकोस, चेहऱ्यावर तेज आलंय असं तर मुळीच म्हणू नकोस. तिच्या टोपीबद्दल बोल, ड्रायव्हर कसा वेडावाकडा चालवत होता ते सांग. आणि तो बारीक होण्याचा चहा पितेस ना, तो माल्मोलाच ठेव.

ता. क. दुसरा. तू कादंबऱ्या वाचतेस. कप्तानाच्या दोन्ही बायका एकाच बोटीवर चढल्या आहेत आणि मला पुढचं सुचत नाही. फार घाई आहे.

ता. क. तिसरा, अक्षर माझं, इस्क्राचं. आत्या, बाबा पाकीट शोधायला गेलाय. कप्तान खोटा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं, त्याला सांगू नकोस. कोठीत त्याने माझा हात धरला तेव्हा हुंदके माझ्यापेक्षा त्याचेच मोठे होते, हे त्याने लिहिलेलं नाही. आणि तुमच्याकडे तो दालचिनीचा गोल पाव मिळतो ना, मी लहान असताना तू आणायचीस तो? येताना माझ्यासाठी आण. एकच. दोन आणलेस तर मला भीती वाटेल, आणि विसरलीस तर मी रुसेन.