समुद्रातला आलू, एक नग

मी, कृष्णकांत रामाजी भोयर, वय त्रेपन्न, राहणार गिट्टीखदान, नागपूर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शेजारच्या मारोतरावांच्या कूलरचे पाणी सात उन्हाळे माझ्याच खुर्चीवर टपकत असूनही ती ठिकाणावर आहे, याची नोंद व्हावी. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

१. घर व बँकेतली शिल्लक पत्नी कौसल्या हिला. घरात माझे म्हणून फारसे काही चालत नव्हतेच; आता कागदोपत्रीही चालणार नाही.

२. उपरोक्त खुर्ची मारोतरावांना. अट एकच: ती आहे तिथेच ठेवून बसावे.

३. काळा गोटा. हा हिंदी महासागराच्या तळाचा, पाच किलोमीटर खोलवरचा. मँगनीज, निकेल किती ते तपासायला पाच वर्षांपूर्वी आमच्या खासगी प्रयोगशाळेत आला. दिसायला थेट बटाटा. मी भांडारपाल भैय्याजींना गमतीने म्हणालो, "लिहा, समुद्रातला आलू." त्यांनी लिहिले: आलू, एक नग. मार्चअखेर तो नाशिवंत मालात निकाली निघाला.

"भैय्याजी, गोटा आहे तो."

"रजिस्टरात तो सडला, सर. तुमच्या टेबलावर जे हाय, ते आमचं नाही."

दहा लाख वर्षांत दोन-चार मिलिमीटर वाढणारी वस्तू आम्ही एका मार्चात सडवली. तात्पर्य, गोटा माझा. तो शामला मेश्राम हिला द्यावा.

४. शामला माझी सहायक होती. गोट्यावरच्या अहवालात तिने एक परिच्छेद लिहिला: तळ खरवडून हे गोटे काढले तर गाळाचे ढग उठतील, तिथले जीव गाडले जातील, आणि गोटे पुन्हा तयार होईपर्यंत माणसाची जात उरेल याचा भरवसा नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्याच्या बाजूला निळी रेघ ओढली. कापला मी.

"सर, काहून कापून राहिले?"

"साहेबाले वाचताना ठेच लागते."

"साहेबाले ठेच नको, अन् खालच्या जीवाइवर नांगर फिरला तं चालते?"

अहवालावर माझ्या एकट्याची सही गेली. महिन्याभरात तिने नोकरी सोडली; आता कोराडीला शाळेत विज्ञान शिकवते.

५. तोच अहवाल पुढे ठेवून समुद्रतळ खणायचा की नाही, हे एक खाणकंपनी येत्या सोमवारी ठरवणार आहे. तोवर मी मरेन अशी लक्षणे नाहीत, त्यामुळे ही बाब मृत्युपत्रावर सोडता येत नाही. कौसल्येला म्हटले, नोकरी जाईल कदाचित.

"जाऊ द्या जी. पाच वर्सं ताटावर तोंड पाडून बसून राहिले तुम्ही."

म्हणून कापलेला परिच्छेद, त्याखाली शामलाचे नाव आणि 'कापणारा मी' अशी माझी सही, आज दुपारी रजिस्टर पोस्टाने कंपनीला रवाना केला. पावती शामलाच्या नावाच्या लखोट्यात घातली आहे.

सही: कृ. रा. भोयर
साक्षीदार: १. बळीराम ठवकर, निवृत्त पोस्टमन २. अंजनाबाई काकडे, परिचारिका
दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.
नागपूर, १४ मे १९८६