एक्सलला गुंडाळलेली टेप

मी, या घरातला धाकटा मुलगा, शिक्षण नववीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. उद्या सकाळी मी गाडीखाली शिरून एक्सलचा झिजलेला सांधा बदलणार आहे. गाडीखाली उभे राहता येईल असा खड्डा असलेली शेड वाटणीत दादाकडे गेली आणि तिथे गाडी आणायला त्याने मनाई केली. म्हणून काम अंगणात, जुन्या जॅकवर होईल. जॅकचा भरवसा नाही. सबब हे लिहून ठेवतो.

कलम पहिले. वाटणीत मला वडिलांची गाडी आली. देताना दादा म्हणाला, "डोळे झाकून घे, लोण्यासारखी चालते." पुढे ती वळणावर कटकट वाजू लागली. विचारले तर म्हणाला, गाडी नाही, तुझे दात वाजतायत. मग एका चढावर चाकाची ओढच गेली, गाडी मागे घरंगळून भिंतीवर आदळली आणि शेजारी बसलेल्या आईचे मनगट मोडले. तेव्हापासून आई येईल-जाईल त्याला सांगते, की धाकट्याने हात लावला की चांगली वस्तू मोडते. नवा सांधा बसवून आईला त्याच चढावरून नेऊन आणायचे, एवढीच माझी इच्छा आहे. ती इच्छा अपुरी राहिली तर गाडी आईची.

कलम दुसरे. काल चाक उतरवले. सांध्यावरचे रबर फाटलेले होते आणि फाटीवर काळी टेप गुंडाळलेली होती. आतले ग्रीस गळून धूळ शिरली होती, पोलादी गोळ्या झिजल्या होत्या. टेपचे टोक दुमडलेले होते. पुढच्या वेळी नखाला सापडावे म्हणून टोक दुमडायची सवय घरात एकट्या दादाला आहे. दाखवले तर म्हणाला, "तूच लावली असशील, घाबरट. जा, आईला सांग." सांगितले. आई म्हणाली, थोरल्यावर आळ घेऊ नकोस.

सदर टेप बरणीत आहे. ती दादाला देण्यात यावी, झिजलेला सांधाही द्यावा, न पुसता. याखेरीज माझा गंजलेला नटसुद्धा त्याला मिळू नये.

कलम तिसरे. पाने व पकडी पेट्रोलपंपावरच्या मित्राला. वहिनींना देऊ नयेत, कारण ते दादाच्याच हाती जातील. त्याला पाना आणून देण्यातच त्यांचा अर्धा जन्म गेला. माझी खोली आईची. दादाने तिथे टायर रचू नयेत.

कलम चौथे. दादाने मला खांदा देऊ नये. द्यायचाच असेल तर आधी आईसमोर उभे राहून म्हणावे, "फाटलंय हे मला माहीत होतं. टेप मी लावली." पुटपुटलेले चालणार नाही. स्पष्ट म्हटल्यास कलम दोनमधला नट त्याला द्यावा.

ठिकाण: घराचे अंगण. शनिवार, बारा तारीख.

लिहून ठेवणार: धाकटा (सही)

साक्षीदार: शेजारचे टेलर (सही). सही समोर झाली. मजकूर वाचला नाही, चष्मा दुकानात आहे.

साक्षीदार: वहिनी (सही). मी सगळं वाचलं. टेप यांनी लावली तेव्हा टॉर्च मी धरला होता. भावजींना सांगा म्हटलं, तर म्हणाले, त्याला काय कळतंय. आत्ता आईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या गाडीखाली थोरला जाईल. याच जॅकवर." भावजी, कोरा कागद उरला असेल तर द्या. यांचं लिहायचंय.