खुराड्याची खिडकी

४ नोव्हेंबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही शिवलेला बाबांचा सदरा मिळाला, अगदी मापात बसला. बाबा, तुमचे भाऊ आणि मी, आम्ही तिघं बरे आहोत, पण आईंच्या मागे उरलेल्या त्यांच्या कोंबड्या आजारी पडल्यात. आधी ठिपकी शिंकायला लागली, मग लंगडी. आता सहापैकी चौघींची छाती घरघरते, डोळ्यांच्या कडेला फेस येतो, चोच उघडी टाकून श्वास घेतात. बाबा घड्याळदुरुस्तीचं टेबल सोडून दिवसभर खुराड्यापाशी स्टूल टाकून बसतात. मी ठिपकीचे डोळे कोमट पाण्याने पुसत होते तेव्हा म्हणाले, की माझा हात थेट आईंसारखा आहे. मला भरूनच आलं.

आई अशा वेळी काय करायच्या ते तुम्हालाच ठाऊक. लगेच कळवावं.

लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.
तुमची चिमणी

९ नोव्हेंबर

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर तीन शर्टांना उलट्या बाजूने काजं केली. चिमणीने कोंबड्यांची काळजी वाहायची, गंमतच आहे! बाबांचंही पत्र आलंय. दोन पानं भरून सून अशी नि सून तशी. माझी चौकशी शेवटी, तीही समासात.

असो. आईच्या हाताखाली ते खुराडं मी चौदा वर्षं झाडलंय. तू घरात आलीस तेव्हा ती अंथरुणालाच खिळलेली होती, तेव्हा हात कोणासारखा हे राहू दे. आई काय करायची ते सांगते. खुराड्याची खिडकी गच्च लाव, वरून पोती टाक, खालचं गवत बदलू नकोस, ऊब टिकते. पाच दिवस उघडू नकोस. डॉक्टरची गरज नाही, आणि स्वतःचं डोकंही चालवू नकोस.

माया आहे म्हणून बोलते, राग मानू नये.
ताई

१७ नोव्हेंबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

लंगडी आणि तुरेवाली गेल्या.

माझ्यावर भरवसा ठेवून बाबांनीही पोती हलवली नव्हती. चौथ्या दिवशी पोतं उचललं तर आतल्या वासाने माझेच डोळे झोंबले. बाबांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी आधी खिडकी उघडली आणि विचारलं, की हे कोणी केलं. ओली घाण आणि कोंडलेली हवा, त्यानेच छाती जास्त भरली म्हणाल्या. मी सांगितलं, की मी माझ्याच मनाने केलं. बाबा उठून गेले. आता कोंबड्यांचं पाणी तेच भरतात, मला हात लावू देत नाहीत.

आजारी दोघी वेगळ्या ठेवल्यात. गवत कोरडं आणि हवा खेळती आहे. डॉक्टरीणबाईंनी मोजून दिलेलं औषध पाण्यातून चालू आहे, त्या सांगतील तोवर अंडी खायची नाहीत. ठिपकीने आज चार दाणे टिपले.

तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. आम्हाला विसरू नये.
चिमणी

२२ नोव्हेंबर

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी चार वेळा फाडलं.

आईने ती खिडकी कधीच लावली नाही, कडाक्याच्या थंडीतसुद्धा नाही. लहानपणी मी एकदा लावली तर तिने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. तुला लिहिताना मला हे सगळं आठवत होतं. कोंबड्या मरतील असं मनात नव्हतं, पण तुझी फजिती व्हावी, बाबांनी म्हणावं की लेक असती तर असं झालं नसतं, एवढं मात्र होतं. आणि तू माझं नावही घेतलं नाहीस हे वाचून मला काय वाटावं? तुझा हेवाच वाटला. बघ, कशी आहे मी.

बाबांना आजच सगळं खरं लिहून टाकलंय.

आशीर्वाद देण्याइतकी मोठी उरले असेन, तर तो घ्यावा.
ताई

२८ नोव्हेंबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

बाबांनी तुमचं पत्र वाचून माझ्या हातात दिलं. आता माझंही ऐका. तुमचं खिडकीचं पत्र आलं त्याच दिवशी तुमच्या भावाने मला सांगितलं होतं, की आई असं कधी करत नसत. मीच त्यांना गप्प बसवलं. तुमचं पत्र आलं की बाबा चष्मा पुसून दोनदा वाचतात आणि उशाशी ठेवतात. मी रोज डोळ्यांसमोर असते, मला कोण उशाशी ठेवणार? एकदा तरी ताईंचा शब्द खोटा पडू दे, असं मला वाटलं. तुमचं पत्र सगळ्यांना दाखवायचं ठरवूनच पोती टाकली. पण लंगडी माझ्या मांडीवर गार झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तोंडून ‘मी’ असंच निघालं.

हे बाबांना सांगितलं. त्यांनी हातातल्या घड्याळाचा स्क्रू घट्ट बसवला. मग म्हणाले, दोघी लेकींनी मिळून माझ्या दोन कोंबड्या घालवल्या. ताईला लिही, आठ दिवसांची रजा काढून ये. खुराडं तळापासून घासून धुवायचंय, आणि ते दोघींनीच धुवायचं.

ब्रश मी आणून ठेवलेत. दोन्ही एकाच रंगाचे, चांगला कोणाला यावरून आपलं जुंपायला नको म्हणून.

वाट बघते.
तुमची चिमणी