टेकडीवरचं दगडफूल

एकोडी

प्रिय रेणू,

परवा फोनवर मी तुला म्हणाले, मी दिलेल्या मसाल्याला अळ्या लागल्यात, बरणी फेकून दे. खोटं होतं ते. माझ्या मसाल्याला कधी अळ्या लागल्यात का! पण तुझ्या सासूबाई शेजारी होत्या आणि खरं बोलायला जीभ रेटेना. म्हणून बाबांच्या हाती हे पत्र पाठवतेय.

मसाल्यातलं दगडफूल मी किराण्यातून आणत नाही, तुला ठाऊकच आहे. दुकानातल्याला वास म्हणून नसतो, असं म्हणत दर उन्हाळ्यात टेकडीच्या खडकांवरून खरवडून आणते आणि वर मिरवते. गेल्या आठवड्यात कॉलेजातले भुपेंद्र सर त्याच खडकांवर किरण मोजायचं टकटकणारं यंत्र घेऊन बसले होते. त्या दगडातूनच किरण निघतात म्हणे, मूळचेच, कुणी काही टाकलेलं नाही. आणि दगडफूल वर्षानुवर्षं त्यातलं विष आपल्यात साठवतं, त्याला स्वतःला मात्र काही होत नाही. माझी टोपली पाहून ते म्हणाले, "काकू, हे खाता का काय तुम्ही?" भीतीनं मी नाही म्हणाले.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणतात, "कायले भेतेस? इतके वर्षं खाऊन राहिलो, काय झालं आपल्याले?" त्यांना काय सांगू? तुला सातवा लागलाय. दुसऱ्या दिवशी सरांकडे जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, चिमूटभर मसाल्यानं बहुतेक काही होत नाही, पण तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मसाल्याची पुडी त्यांनी तपासायला नागपूरला पाठवलीय. त्या 'बहुतेक'नं माझा जीव खाल्लाय. तू डॉक्टरणीला सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग.

एवढ्यासाठी पुन्हा फोन केला असता. पण मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात तुझं बाळ गेलं, तेव्हा मी तुझ्या सासरच्या सगळ्यांदेखत तुलाच बोलले. संक्रांतीनंतर गाडीवर बसून मंडईला गेलीस, म्हणून झालं, म्हणाले. तू खाली मान घालून ऐकलंस. पण त्याआधी, बाळ पोटात असताना तू माहेरी आलीस, तुझ्या तोंडाला चव नव्हती, म्हणून रोज त्याच मसाल्याची भाजी मी माझ्या हातानं तुला भरवत होते. बाळ त्यानं गेलं की नाही, आता कुणालाच कळणार नाही. पण तुझ्यामुळे गेलं नाही, रेणू. हे त्याच सगळ्यांसमोर सांगायला मी रविवारच्या एसटीनं लाखांदूरला येतेय. मला दारात उभं करायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
आई