गोगलगायी टिकत नाहीत

१४ ऑक्टोबर २०२४

पाचला उठलो. हंड्यातून दोन लिटर पाणी काढून टाकीत भरलं. दूध आणलं. ताई घाटावरून आली, तिनं चहा केला. संध्याकाळी इंदूची वही वाचली.

इंदूला जाऊन पासष्ट दिवस.

तिची ही समुद्राची टाकी. गंगेपासून पन्नास पायऱ्यांवर खाऱ्या पाण्याची टाकी! सहा वर्षं हेच म्हणून हसलो. तिच्या गोगलगायी सप्टेंबरात एकेक करून मेल्या. तेव्हापासून काच हिरवी, खडकावर केसांसारखं शेवाळ. खाली पोवळी गुदमरतायत. शेवाळ खाणारे नवे प्राणी आणले नाहीत तर तीही जातील. घरात तिचं जिवंत असं एवढंच उरलंय.

१५ ऑक्टोबर

कोलकात्याच्या दुकानदाराला फोन. "अंकल, पचास का पैकेज ले लीजिए, टंकी चमक जाएगी!"

वहीत इंदूनं लिहिलंय — जास्त आणले तर उपाशी मरतात. शेवाळ संपतं, पोटं उरतात. काचेसाठी एक जात, वाळू उकरायला दुसरी. खेकडे दोनच, तेही लहान, कारण मोठे झाले की गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतात. अक्षर बारीक, सरळ. बत्तीस वर्षं संसार केला आणि तिची वही आत्ता उघडली.

बारा सांगितले. दहा गोगलगायी, दोन खेकडे. दुकानदाराला आवडलं नाही. न आवडो.

२१ ऑक्टोबर

पार्सल साडेअकराला. चौकापर्यंत टेम्पो, पुढे गल्लीत हातानं. पिशव्या तासभर टाकीत तरंगवल्या, मग त्यांत टाकीचं पाणी थेंब थेंब, दीड तास. वहीत आहे तसंच. अडीच वाजता जाळीनं सोडले. एक गोगलगाय लगेच काचेवर चढली. तिच्यामागे बोटभर स्वच्छ पट्टा उमटला.

अर्धा तास तेच बघत बसलो.

२२ ऑक्टोबर

अवनीचा बंगळूरहून फोन. "बाबा, कशाला त्रास? देऊन टाका ना कुणाला तरी."

कुणाला तरी! तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईच्या साड्यापण कुणाला तरी दिल्या तिनं. मी काही बोललो नाही. तेव्हाही नाही, आजही नाही.

२७ ऑक्टोबर

दोन मेल्या.

२९ ऑक्टोबर

आणखी तीन. खेकडा शंखातून अर्धा बाहेर लोंबत होता. चिमट्यानं काढला. वास दिवसभर गेला नाही.

मासे मात्र मजेत. खातात, फिरतात.

१ नोव्हेंबर

पाच घरांतून फराळ. पहिलं वर्ष, घरी करायचं नाही, म्हणून लोक देतात. देताना आत डोकावतात. "अरे वाह, भाभीजी की मछलियाँ!" हिरव्या काचेतून कुणाला काय दिसलं कोण जाणे. चकल्या ताईनं खालच्या दुकानात देऊन टाकल्या.

४ नोव्हेंबर

सगळे मेले.

दुकानदार म्हणाला, "अंकल, माल तो ज़िंदा भेजा था. आपके पानी में ही कुछ है."

माझ्या पाण्यात! शुद्धीकरणाच्या मशीनचं पाणी, मोजून मीठ, वहीतले सगळे आकडे रोज जुळवतो. उद्धट माणूस. तरी पुन्हा त्यालाच सांगावं लागलं. या वेळी सात.

१२ नोव्हेंबर

दुसरे सात परवा आले. आज दोघी वाळूवर पडून.

१६ नोव्हेंबर

काल देवदिवाळी. गर्दीमुळे दिवसभर घराबाहेर पडलो नाही. आज पहाटे ताईला पकडलं.

माझी थोरली बहीण, अकरा वर्षं इथंच. रोज पहाटे घाटावर स्नान, येताना पितळी लोटीत गंगाजल, मग घरभर शिंपडणं. मी उठलो तर ती टाकीपाशी. लोटी बाजूला, उजवा हात कोपरापर्यंत ओला.

"आत हात घातलास?"

"घातला."

"आणि गंगाजल?"

"निळू, वेडा झालास काय?"

"रोज घालतेस! म्हणून मरतायत!"

तिनं ओला हात पदराला पुसला. मग म्हणाली, "थेंबभर गंगेनं मरणारं असतं ना, तर इंदूनं ते काशीत आणलंच नसतं."

"मग हात कशाला घातलास?"

"तुला सांगून काय उपयोग."

मी खूप बोललो. इंदूच्या वस्तूंना हात लावायचा नाही म्हणालो. तू तिला कधी आपली मानलंच नाहीस, असंही म्हणालो. हे कुठून आलं कळलं नाही. एवढं मोठ्यानं मी आयुष्यात बोललो नसेन.

दहा वाजता ताईचा मुलगा यज्ञेश मुगलसरायहून आला आणि आईला घेऊन गेला. मामाशी एक शब्द नाही. ताई न जेवता गेली. माझं ताट मात्र वाढून, झाकून.

१९ नोव्हेंबर

ताई नाही, गंगाजल नाही. तरी आज उरलेल्या पाचही मेल्या.

आधी घातलेलं पाण्यात उरलं असणार.

२३ नोव्हेंबर

देवश्री आली. इंदूची विद्यार्थिनी, आता तिच्याच विभागात शिकवते. मीच बोलावलं होतं. मी टाकी भरत होतो. ती हंड्याकडे बघत राहिली.

"काका, पाणी रोज यातूनच?"

"मशीनचंच आहे. रात्री यात भरून ठेवतो."

"हा तांब्याचा आहे ना?"

"मग? आम्ही सगळे तेच पितो. आमची आई प्यायची, ब्याण्णव वर्षं जगली."

मला वाटलं हसेल. हसली नाही. "मॅडमचा तो पांढरा कॅन कुठाय? जिसपे लिखा था — फक्त टाकीसाठी?"

भंगारात दिला. दहाव्याच्या आदल्या दिवशी. तिच्या माशांना प्लास्टिकच्या डब्यातलं पाणी नको वाटलं. आईचा हंडा चिंच लावून घासला आणि त्यात भरायला लागलो. एकच काम मनापासून केलं होतं.

देवश्रीनं नळ्यांमध्ये पाणी तपासलं. आधी टाकीचं, मग हंड्याचं. हंड्याच्या नळीत रंग इतका गडद आला की तिनं पटकन ती खाली ठेवली. मशीनचं पाणी तांबं जास्त ओढतं म्हणे. माशांना चालतं. गोगलगायींना कणभरही नाही. वाफेनं पाणी उडतं, तांबं आत साठत जातं.

वहीत आकड्यांखाली दर वेळी लिहिलेलं आहे — तांबं शून्य. मी रोज वाचत होतो. शून्य आहे म्हणजे त्याचं काही बघायला नको, असं धरून चाललो होतो. बँकेत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या!

जाताना ती म्हणाली, "काका, तुम्हाला माहीत नव्हतं."

माहीत करून घेतलं नव्हतं. सहा वर्षं ती टाकी या घरात होती.

२४ नोव्हेंबर

मुगलसरायला गेलो. यज्ञेशनं दार उघडलं आणि आत निघून गेला. ताई मटार सोलत होती. मी सगळं सांगितलं. माफी मागायची होती, तो शब्द तोंडातून निघाला नाही. हंडा माझा होता, एवढंच दोनदा म्हणालो.

"बस," ती म्हणाली. मग शेंगा सोलता सोलता — "रोज दोन-चार उताण्या पडलेल्या असायच्या. आपणहून सुलट्या होत नाहीत त्या. तशाच मरतात. मी हात धुवून सुलट्या करायची."

"तुला कुणी सांगितलं?"

"इंदूनं. आधीपासून करत होतो आम्ही दोघी. दवाखान्यातही मला तेच म्हणाली — ताई, तेवढ्या सुलट्या करत जा."

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तू हसला असतास."

निघताना म्हणालो, घरी चल. म्हणाली, "नको. तिथं आता माझं काय काम?"

२५ नोव्हेंबर

तिसरी ऑर्डर रद्द केली. खडकात तांबं मुरलंय, वर्षानुवर्षं सुटत राहील. आता इथं गोगलगाय नाही. पोवळी किती टिकतील, देवश्रीला सांगता आलं नाही.

दाढीचं पातं घेतलं. बाही दुमडली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि काच खरवडायला लागलो.

पाणी कोमट होतं. सहा वर्षांत मला ते माहीत नव्हतं.