चारच्या बसचा बेत

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुमच्याकडेही ठीकच असणार, लग्नघर म्हटल्यावर आजारी पडायलाही कुणाला फुरसत नसेल.

चिमीच्या लग्नाची पत्रिका सोमवारी मिळाली. पाकिटावरचं अक्षर तुझं, हे लगेच ओळखलं. आत तुझ्या चार ओळी असतील म्हणून पाकीट उलटं करून झटकलं, पण नव्हत्या. असू दे. आठ वर्षांनी तुझं अक्षर घरात आलं, मला तेवढ्यानेही बरं वाटलं. चिमीला सांग, मावशीने पत्रिका कपाटाच्या आरशाला लावली आहे.

आता येण्याचं. बेकरीत सगळ्यांना कळलंय, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नाही. भट्टीवाले काका म्हणतात, विमानाने जा. त्यांचं काय जातंय! मला आखूडशिंगी बहुदुधी गाडी हवी: भाडं कमी, जागा खिडकीची आणि मधे बदलाबदली नको. अशी गाडी अजून कुणी काढलेली नाही. म्हणून बेत असा, की आमची पावाची गाडी पहाटे पाचला निघते, ती अर्ध्या वाटेवरच्या मोठ्या नाक्यापर्यंत जाते. तिच्या ड्रायव्हरला आम्ही लांबू म्हणतो. तो म्हणाला, "मावशी, बसा की माझ्या शेजारी. फक्त दुकानादुकानाशी थांबलो की 'अजून किती वेळ' म्हणून विचारायचं नाही." म्हणजे निम्मा प्रवास फुकट. नाक्यावरून साधी बस मिळते, ती साडेअकराला तुमच्या गावात सोडते. लग्न सव्वाबाराचं. परतीची साधी बस चारला आहे, नंतरच्या सगळ्या महागड्या. मुक्काम नको, तुला आधीच पाहुण्यांचा व्याप. अंगाला पावाचा वास येईल, तेवढा चालवून घे.

"चमडी जाईल पण दमडी जाणार नाही," असं तू म्हणशीलच. गोळ्यांचे कागदसुद्धा मी घड्या घालून ठेवायची, तेव्हा तू माझं नावच 'कवडी' ठेवलं होतंस.

हा सगळा बेत मी वेळा घालून एका कागदावर लिहून काढला होता. काल पाव भरायची पाळी संपल्यावर चहा घेताना तो पुन्हा वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. पोचायचं अगदी ऐनवेळी आणि जेवण झालं की निघायचं. तुझ्याशी बोलायला त्यात पाच मिनिटंही नाहीत. ती मीच ठेवलेली नाहीत, भाड्याचं नुसतं निमित्त. आणि हे निमित्त मी पहिल्यांदा पुढे केलेलं नाही.

आई गेली त्या दिवसाबद्दल लिहिते आहे. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

सकाळी भावजींचा फोन आला, "आजच्या आज निघ." अकराच्या जलद गाडीने मी संध्याकाळी पाचला पोचले असते. मी पॅसेंजरने आले, रात्री नऊला. आई सातला गेली होती. दारातच तू म्हणालीस, "भाडं वाचवलंस ना?" मी म्हणाले, पैसे नव्हते.

ताई, पैसे होते. आदल्या दिवशीच पगार झाला होता. जलद गाडीसाठीच मी रांगेत उभी राहिले होते. खिडकीशी पोचले आणि तोंडातून पॅसेंजरचं नाव निघालं. तिकीटवाला म्हणालासुद्धा, "अहो, जलद गाडीत जागा आहे, ही कशाला?" मी म्हटलं, "स्वस्त आहे म्हणून." मला भीती वाटत होती गं. आईला जाताना बघायचं नव्हतं. आपण पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल तर बरं, असं माझ्या मनात आलं होतं. माझ्याच आईबद्दल.

तू मला कंजूष समजलीस आणि मी समजू दिलं. कवडीचुंबक म्हणवून घेणं सोपं होतं. आईच्या शेवटाला घाबरून रेंगाळलेली मुलगी म्हणवून घ्यायची हिंमत नव्हती. नातेवाइकांत तुझंच नाव खराब झालं, चार पैशांसाठी बहिणीशी बोलणं टाकलं म्हणून. तेही मी ऐकून घेतलं आणि गप्प राहिले.

भावजी त्या संध्याकाळी डॉक्टरांना आणायला गेले होते. म्हणजे पाच ते सात आईजवळ तू एकटी होतीस. ते दोन तास तू कसे काढलेस, हे मी आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही. तिने माझी आठवण काढली का, हेही नाही. आता विचारते आहे.

लग्नाच्या चार दिवस आधी येऊ का? मला कामाला जुंप, भांडी घासेन, पाहुण्यांची सोय बघेन, तुझी बोलणी खाईन. 'ये' एवढं एकच अक्षर कळव. नाही कळवलंस, तर लांबूच्या गाडीने येईन, चिमीला दुरून डोळे भरून बघेन आणि चारला निघेन. राग धरणार नाही, तो धरायचा हक्क मला नाही.

पण कळवलंस, तर कामं आटोपल्यावर आपण दोघीच बसू. तू मला ते दोन तास सांग, काही न गाळता. मी उठून जाणार नाही.

तुझी,
उशिरा पोचलेली धाकटी